घरच्या सर्व्हरला स्वतःचं नाव: फुकट किंवा स्वस्त डोमेन कसं घ्यायचं

जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर फोटोंसाठी इमिच (घरच्या सर्व्हरवर फोटो साठवणारा प्रोग्राम) बसवलं, की पहिले काही दिवस घरातले सगळे '१९२.१६८.१.५०:२२८३' असा पत्ता टाइप करतात. मग तक्रारी सुरू होतात. आकडे लक्षात राहत नाहीत, ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणून घाबरवतो आणि घराबाहेर पडलं की पत्ता उघडतच नाही. डोमेन घेतलं की पहिली तक्रार लगेच मिटते. दुसरीसाठी सर्टिफिकेट (नाव खरंच तुमचं असल्याचा डिजिटल दाखला) लागतं, तेही डोमेन हातात असेल तर फुकट मिळतं. तिसरी मात्र नुसत्या नावाने सुटत नाही, आणि नवखे लोक नेमके तिथेच अडकतात. म्हणून पैसे भरण्याआधी, अगदी फुकटच्या नावासाठी खातं उघडण्याआधीही, आपली लाइन तपासून घ्या.

पहिली पायरी: आपल्या लाइनला खरा पत्ता आहे का?

राऊटरच्या पानावर लॉगिन करा आणि 'वॅन' किंवा 'इंटरनेट स्टेटस' या भागातला आयपी पत्ता लिहून घ्या. मग त्याच वाय-फायवरून गुगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा आणि तिथे दिसणारा आयपीव्ही४ पत्ता त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे. वेगळे असतील, आणि राऊटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात कुठेतरी सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो. पत्त्यांचा हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. राऊटरवर १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी निष्कर्ष बहुधा तोच. फक्त कंपनीचं मोडेम आणि तुमचं राऊटर अशी दोन यंत्रं एकामागोमाग लावली नाहीत ना, एवढं आधी पाहा.

सीजीनॅट असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरची विनंती राऊटरवरून सर्व्हरकडे वळवण्याचा, काहीही उपयोग नाही. बाहेरून आलेली विनंती तुमच्या राऊटरपर्यंत पोहोचतच नाही. भारतात घरगुती फायबर घेणाऱ्या फार मोठ्या संख्येच्या घरांत हीच स्थिती आहे. त्यावर चार वाटा आहेत.

स्टॅटिक आयपी विकत घ्या. तो दरमहा वेगळा आकारला जातो आणि डोमेनपेक्षा कितीतरी महाग पडतो.

आयपीव्ही६ वापरा. अनेक कंपन्या तो देतात. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो, म्हणून 'एएएए' (नावाला आयपीव्ही६ पत्ता जोडणाऱ्या) नोंदीत राऊटरचा पत्ता टाकून चालत नाही, सर्व्हरचाच टाकावा लागतो, आणि राऊटरच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्याला वाट करून द्यावी लागते. पाहणाऱ्याच्या नेटवर्कवरही आयपीव्ही६ हवं. ऑफिसच्या वाय-फायवर ते अनेकदा नसतं.

क्लाउडफ्लेअर टनेल वापरा. यात सर्व्हरच बाहेर जोडणी करतो, त्यामुळे पोर्ट उघडावे लागत नाहीत. सेवा फुकट आहे, पण कायमच्या नावासाठी स्वतःचं डोमेन क्लाउडफ्लेअरच्या नेमसर्व्हरवर (नावाचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रांवर) असावं लागतं. फुकट योजनेत एका विनंतीतून १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही. फोनवरचे लांब व्हिडिओ इमिचमध्ये याच कारणाने अडकतात. शिवाय एन्क्रिप्शन क्लाउडफ्लेअरच्या दारात उघडतं, म्हणजे मधली वाहतूक त्यांना वाचता येते. घरचे फोटो आणि कागदपत्रं ठेवणाऱ्याने हे समजून मगच होकार द्यावा.

चौथी वाट टेलस्केलची, आणि घरच्या वापरासाठी आम्ही ठामपणे हीच सुचवतो. सर्व्हर पुण्यात आणि मुलगी न्यू जर्सीत असेल, तर दोन्हीकडे टेलस्केल बसवून एकाच खासगी जाळ्यात आणता येतं. सीजीनॅट आडवं येत नाही आणि जगासाठी एकही दार उघडत नाही. घरातल्या पाच-सहा जणांपुरत्या फोटोंसाठी संपूर्ण इंटरनेटला आत घ्यायचं कारण नाही.

टेलस्केल 'टीएस.नेट'खाली एक नाव स्वतःच देतं आणि त्याचं सर्टिफिकेटही काढून देतं. तेवढं पुरत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण एकाच यंत्रावर फोटो, सिनेमे, पासवर्ड असे चार-पाच प्रोग्राम चालवून प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचं असेल, तर वेगळं नाव हवंच, फुकट किंवा विकतचं.

घरापुरतं बनवलेलं नाव का पुरत नाही

मनाने 'सर्व्हर.होम' असं काहीतरी नाव राऊटरमध्ये टाकणारे बरेच असतात. घरातल्या घरात नाव चालवायचंच असेल तर 'होम.आर्पा' वापरा, ते २०१८ मध्ये घरगुती जाळ्यांसाठी अधिकृतपणे राखून ठेवलं गेलं. 'डॉट इंटर्नल' २०२४ मध्ये खासगी वापरासाठी राखीव झालं. 'डॉट लोकल'च्या वाटेला जाऊ नका. प्रिंटर आणि टीव्ही एकमेकांना शोधायला तेच वापरतात, आणि मग काही फोनवर नाव उघडतं, काहींवर नाही. या सगळ्या नावांची खरी अडचण एकच: त्यांच्यासाठी कुठलीही सार्वजनिक संस्था सर्टिफिकेट देत नाही. स्वतःचं बनवलं तर प्रत्येक फोनमध्ये ते हाताने बसवत फिरावं लागतं.

खरं डोमेन घेतलं की ही कटकट संपते. फारसं कुणी सांगत नाही, पण सार्वजनिक नावाच्या 'ए' (नावाला आयपीव्ही४ पत्ता जोडणाऱ्या) नोंदीत १९२.१६८.१.५० असा घरचा खासगी पत्ता टाकायला काहीच हरकत नाही. बाहेरच्या माणसाला त्या पत्त्यावर काही मिळत नाही आणि घरात मात्र सगळं व्यवस्थित उघडतं, तेही सर्टिफिकेट बसवल्यावर 'सुरक्षित नाही' असा इशारा न येता. एकही पोर्ट उघडावा लागत नाही.

फुकट नाव

२०२३ च्या आधीचे लेख वाचून 'डॉट टीके', 'डॉट एमएल' किंवा 'डॉट जीए' शोधायला जाल तर वेळ वाया जाईल. ती नावं फुकट वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत डोमेनच्या धंद्यातूनच बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. आज फुकट मिळतं ते मुख्यतः दुसऱ्याच्या डोमेनखालचं उपनाव.

सुरुवातीला डकडीएनएस घ्या. गुगल किंवा गिटहबच्या खात्याने लॉगिन करा. पानाच्या वर तुमचं टोकन दिसेल. ते पासवर्डइतकंच जपायचं, कुणाला मदत मागताना स्क्रीनशॉटमध्ये येऊ द्यायचं नाही. खालच्या चौकटीत नाव टाका, उदाहरणार्थ 'वाडा', आणि 'ॲड डोमेन' दाबा. 'वाडा.डकडीएनएस.ऑर्ग' तुमचं झालं. अशी पाच नावं एका खात्यावर मिळतात. नाव मिळताच त्यात तुमचा सध्याचा बाहेरचा पत्ता आपोआप भरलेला असतो. फक्त घरात किंवा टेलस्केलवर वापरायचं असेल तर तो पुसून सर्व्हरचा खासगी पत्ता (टेलस्केल असेल तर टेलस्केलने दिलेला) टाका आणि 'अपडेट आयपी' दाबा. तुमचं काम इथेच झालं.

बाहेरून थेट उघडायचं असेल तर पत्ता बदलला की तो कळवणारी स्क्रिप्ट लागते. 'इन्स्टॉल' पानावर जा, तुमची प्रणाली आणि नाव निवडा. लिनक्ससाठी टोकन भरलेल्या तयार ओळी तिथेच मिळतात. त्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) दर ५ मिनिटांनी चालवायच्या. स्क्रिप्ट एकदा हाताने चालवून लॉग फाइल उघडा. तिच्यात एकच शब्द असेल. 'ओके' म्हणजे पत्ता पोहोचला, 'केओ' म्हणजे टोकन किंवा नाव चुकलं. 'केओ' दिसलं तर टोकन कॉपी करताना शेवटचं अक्षर सुटलं नाही ना, ते आधी पाहा. आयपीव्ही४ पत्ता डकडीएनएस स्वतः ओळखतं, आयपीव्ही६ मात्र स्क्रिप्टमधून तुम्हीच पाठवावा लागतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नो-आयपीचं फुकट नाव दर ३० दिवसांनी ईमेलमधल्या दुव्यावर जाऊन पुन्हा पक्कं करावं लागतं, सुट्टीवर गेलात की ते निसटतं. बर्लिनचं डीसेक 'डेडिन.आयओ'खाली नाव देतं आणि डीएनएससेक (नावाच्या पत्त्याचं उत्तर बनावट नाही हे पटवणारी सोय) सोबतच देतं, थोडं तांत्रिक काम जमणाऱ्याला ते उत्तम. 'ईयू.ऑर्ग' १९९६ पासून फुकट नावं देतं. तिथे माणूस अर्ज तपासतो, त्यामुळे आठवडेही लागू शकतात, पण मंजुरीनंतर नेमसर्व्हर तुम्हाला हवे ते लावता येतात. अर्जात खरं नाव-पत्ता द्या आणि नेमसर्व्हर आधी चालू करून ठेवा, नाहीतर तपासणीतच अर्ज अडतो. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना गिटहबच्या विद्यार्थी पॅकमधून वर्षभराचं डोमेन फुकट मिळू शकतं. दुसऱ्या वर्षापासून मात्र पूर्ण दर लागतो.

फुकट उपनाव उसनं असतं, ही गोष्ट शिकताना खटकत नाही. पण वीस जणांच्या फोनमध्ये तोच पत्ता बसल्यावर सेवा बंद पडली, तर वीस फोनांवर नाव बदलत बसावं लागतं. दोन-तीन महिने सर्व्हर नीट चालला, घरचे रोज वापरायला लागले, की स्वतःचं डोमेन घ्या.

स्वस्त नाव विकत घेताना

जाहिरातीत दिसतो तो पहिल्या वर्षाचा दर. तुम्हाला दहा वर्षं मोजायचा असतो तो रिन्युअलचा. 'डॉट ऑनलाइन', 'डॉट साइट', 'डॉट स्टोअर' ही नावं पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळतात आणि दुसऱ्या वर्षी दोन हजारांच्या पुढे जाऊ शकतात. म्हणून रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) दरपत्रकात 'रिन्युअल'चा रकाना शोधा. तो सापडत नसेल तर तिथून घेऊ नका. भारतीय रजिस्ट्रारकडे १८ टक्के जीएसटी वरून लागतो. कार्टमध्ये आपोआप निवडलेलं ईमेल, होस्टिंग, एसएसएल सर्टिफिकेट, 'साइट प्रोटेक्शन' सगळं काढून टाका, यातलं काहीही घरच्या सर्व्हरला लागत नाही.

सगळ्यात स्वस्त खरं डोमेन हवं असेल तर सहा ते नऊ अंकी 'डॉट एक्सवायझी' घ्या. नुसते आकडे असलेली ही नावं वर्षाला सुमारे ०.९९ डॉलरला मिळतात आणि रिन्युअलही त्याच दरात होतं. घरातल्यांना लक्षात राहील असा एखादा सहा अंकी आकडा निवडा, पण जन्मतारीख किंवा पिनकोड वापरू नका. एक अडचण आहे: काही ऑफिसांचे फिल्टर 'डॉट एक्सवायझी' सरसकट अडवतात. ऑफिसमधून उघडायचंच नसेल तर त्याने काही बिघडत नाही.

'डॉट कॉम'चा घाऊक दर २०२४ च्या सप्टेंबरपासून १०.२६ डॉलर आहे. त्यात आयकॅनची (डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या संस्थेची) किरकोळ फी मिळवून जो आकडा येतो, जवळपास तेवढ्यालाच क्लाउडफ्लेअर नाव विकतं, पहिल्या वर्षी आणि पुढेही. अट अशी की नेमसर्व्हर त्यांचेच ठेवावे लागतात. पोर्कबन या रजिस्ट्रारकडे दर थोडा वर असतो, पण नेमसर्व्हर कुठलेही लावता येतात. 'डॉट इन' बहुतेक ठिकाणी वर्षाला हजाराच्या आतबाहेर पडतं. ते निक्सी ही संस्था चालवते, आणि नोंदणीची माहिती लपवणारी प्रायव्हसी सेवा त्याला चालत नाही, ओळखपत्रही मागितलं जाऊ शकतं. घरचा पत्ता जाहीर नोंदीत येऊ नये असं वाटत असेल तर प्रायव्हसी फुकट देणारं 'डॉट कॉम' बरं. 'डॉट भारत' २०१४ पासून देवनागरीत मिळतं आणि मराठी नाव त्यात सुरेख दिसतं. फक्त कॅडी (एक वेब सर्व्हर प्रोग्राम), राऊटर, सर्टिफिकेट यांच्या सेटिंगमध्ये ते 'एक्सएन'ने सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपातच भरावं लागतं, आणि काही फोन ॲप देवनागरी पत्ता घेतच नाहीत. पहिलं डोमेन म्हणून ते नको, दुसरं म्हणून जरूर घ्या.

'डॉट डेव्ह' आणि 'डॉट ॲप' घेणार असाल तर एवढं माहीत असू द्या: ब्राउझर ती नावं एचटीटीपीएसशिवाय उघडतच नाहीत. सर्टिफिकेट बसेपर्यंत काहीच दिसणार नाही.

नोंदणी झाली की पडताळणीचं ईमेल येतं. त्यातला दुवा १५ दिवसांत उघडला नाही तर आयकॅनच्या नियमाने डोमेन थांबवलं जातं. स्पॅम फोल्डरही पाहा. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन त्याच दिवशी लावा.

नोंदी आणि सर्टिफिकेट

डीएनएसच्या, म्हणजे नाव-पत्त्यांच्या नोंदींच्या, पानावर दोन नोंदी पुरतात. पहिली 'ए' नोंद, नावाच्या जागी '@', पत्ता सर्व्हरचा. दुसरी 'ए' नोंद, नावाच्या जागी नुसती चांदणी (*), पत्ता तोच. चांदणीमुळे 'फोटो', 'सिनेमा', 'पासवर्ड' अशी हवी तेवढी उपनावं वेगळी नोंद न करता चालतात. टीटीएल (उत्तर किती वेळ साठवायचं ते) ३०० सेकंद ठेवा. क्लाउडफ्लेअरवर खासगी पत्ता टाकला असेल तर नारिंगी ढग बंद करून करडा करा. नारिंगी असेल तर वाहतूक क्लाउडफ्लेअरमार्फत जाते, आणि तिथून तुमच्या घरातला १९२.१६८ चा पत्ता गाठता येत नाही. राऊटरमध्ये सर्व्हरला पत्ता राखून द्यायला विसरू नका, नाहीतर वीज जाऊन आली की सर्व्हर '५०'वरून '५३'वर गेलेला असतो.

नोंद करण्याआधीच नाव ब्राउझरमध्ये उघडून पाहायचा मोह आवरा. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा साठवलं जातं, अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ. मग नोंद बरोबर असूनही तुम्ही चूक शोधत बसता.

सर्टिफिकेटसाठी सगळ्यात सोपं साधन इंजिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर, म्हणजे नाव पाहून विनंती योग्य प्रोग्रामकडे पाठवणारा प्रोग्राम. त्याचं पान पोर्ट ८१ वर उघडतं. 'एसएसएल सर्टिफिकेट्स'मध्ये लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं) नवं सर्टिफिकेट निवडा, नावाच्या जागी चांदणीचं नाव टाका, 'यूज डीएनएस चॅलेंज' चालू करा, यादीतून क्लाउडफ्लेअर किंवा डकडीएनएस निवडा आणि टोकन चिकटवा. क्लाउडफ्लेअरचं टोकन काढताना 'एडिट झोन डीएनएस' हा साचा वापरा आणि त्याला फक्त तुमच्याच डोमेनचा अधिकार द्या. संपूर्ण खात्याची 'ग्लोबल की' कधीही टाकू नका. 'प्रोपगेशन सेकंद'च्या चौकटीत १२० लिहा. ती रिकामी ठेवल्यामुळे पहिला प्रयत्न बऱ्याचदा फसतो.

या पद्धतीत नावाची मालकी एका टीएक्सटी (नुसत्या मजकुराच्या) नोंदीवरून तपासली जाते, म्हणून सर्व्हरपर्यंत कुणाला पोहोचावं लागत नाही. चांदणीचं सर्टिफिकेट फक्त याच पद्धतीने मिळतं. डकडीएनएसवर एका वेळी एकच टीएक्सटी नोंद राहते, त्यामुळे 'वाडा' आणि 'चांदणी.वाडा' दोन्ही एकाच सर्टिफिकेटमध्ये मागितले तर मागणी फसते. फक्त चांदणीचं मागा आणि सगळे प्रोग्राम उपनावांवर ठेवा.

चांदणीच्या सर्टिफिकेटचा आणखी एक फायदा आहे. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट जाहीर नोंदवहीत जातं आणि ती कुणालाही शोधता येते. 'पासवर्ड.तुमचंनाव' असं वेगळं सर्टिफिकेट काढलं तर काय चालवताय हे जगाला कळतं, चांदणीत उपनावं दिसत नाहीत.

काय बिघडतं आणि का

मोबाइल डेटावर उघडतं, घरच्या वाय-फायवर नाही: नोंदीत तुमचा सार्वजनिक पत्ता आहे आणि राऊटरला हेअरपिन जमत नाही, म्हणजे आतून बाहेर जाऊन परत आत येता येत नाही. घरात पाय-होल किंवा ॲडगार्ड होम (घरापुरता डीएनएस चालवणारे प्रोग्राम) असेल तर तिथे त्याच नावाला खासगी पत्ता द्या.

नोंदीत खासगी पत्ता आहे, तरी घरात 'नाव सापडत नाही' येतं: राऊटरचं रिबाइंड संरक्षण बाहेरून आलेलं १९२.१६८ चं उत्तर फेकून देतं. राऊटरच्या सेटिंगमध्ये तुमच्या डोमेनला सूट द्या. तशी सोय नसेल तर फोनवर वेगळा डीएनएस लावून पाहा.

पान फिरत राहतं, 'टू मेनी रीडायरेक्ट्स' येतं: नारिंगी ढगासोबत एसएसएल 'फ्लेक्सिबल'वर आहे. ते 'फुल स्ट्रिक्ट' करा.

सर्टिफिकेट देणं अचानक बंद झालं: नेमक्या त्याच नावांसाठी लेट्स एन्क्रिप्ट आठवड्यात पाचच सर्टिफिकेटं देतं. कंटेनर पुसून पुन्हा बसवण्याच्या नादात ती संपतात. प्रयोग करताना त्यांचा 'स्टेजिंग' (चाचणीचा) पत्ता वापरा.

सर्टिफिकेटसाठी पोर्ट ८० ची पद्धत (यात सर्व्हरलाच बाहेरून गाठून तपासतात) वापरताय आणि फायरवॉलमध्ये भारताबाहेरची वाहतूक अडवली आहे: तपासणी जगातल्या अनेक ठिकाणांहून होते, म्हणून ती फसणारच. डीएनएसच्या पद्धतीवर या.

नेमसर्व्हर बदलले आणि डोमेन पूर्ण मेलं: जुन्या ठिकाणचं डीएनएससेक बंद करायचं राहिलं. रजिस्ट्रारकडची डीएस (डीएनएससेकची) नोंद आधी काढा, ती सगळीकडून जायला एक दिवस द्या, मग नेमसर्व्हर बदला.

नाव टिकवणं

भारतातल्या कार्डांवर 'ऑटो रिन्यू' चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०२१ च्या ऑक्टोबरपासून आपोआप पैसे कापण्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधी ई-मँडेट (बँकेला दिलेली आगाऊ परवानगी) लागतं, आणि परदेशी रजिस्ट्रारकडे ते अनेकदा नसतं. पैसे कापले जात नाहीत, सूचनेचं ईमेल नजरेतून सुटतं आणि डोमेनची मुदत संपते. 'डॉट कॉम' मुदतीनंतरच्या वाढीव काळात साध्या दराने परत मिळतं. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ सुरू होतो आणि तेव्हा सोडवून घ्यायची फी मूळ दराच्या अनेक पट असते. तोही गेला तर पाच दिवसांनी नाव कुणालाही मिळू शकतं.

म्हणून पसंत पडलेलं नाव दोन-तीन वर्षांचं एकदम भरा, 'डॉट कॉम' दहा वर्षांपर्यंत भरता येतं. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण घरातल्या दोघांच्या फोनमध्ये लावा. आणि रजिस्ट्रारच्या खात्याला ईमेल द्याल ते त्याच डोमेनवरचं नको. नाव बंद पडलं की ते ईमेलही बंद पडतं, आणि नाव परत मिळवायचा दुवा नेमका त्याच पत्त्यावर येतो.